तुमच्या टेबलावरचा सर्व्हर

विद्यार्थी मित्रांनो, "सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या" हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ऐकले असेल. कधी दाखल्यासाठी रांगेत उभे असताना, कधी बँकेत, तर कधी दहावीच्या निकालाच्या दिवशी घरातल्याच कोणाच्या तरी तोंडून. हे वाक्य म्हणणाऱ्याचा सूर असा असतो, की जणू यंदा पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार! आणि ऐकणाराही मुकाट्याने परत फिरतो.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हा सर्व्हर दिसतो कसा? असतो तरी कुठे?" मी म्हणालो, "तू ज्याच्यासमोर बसला आहेस ना, तोच." सगळा वर्ग हसला. पण मी थट्टा केली नव्हती. त्याच्यासमोर एक जुना, साधा संगणक होता आणि पुढच्या दहा मिनिटांत आम्ही त्याचा सर्व्हर केला. त्यासाठी नवा सुटा भाग लागला नाही की इंटरनेटची जोडणीही लागली नाही. तोच प्रयोग आज आपण करून पाहणार आहोत. पण त्याआधी सर्व्हर या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ या.

वाढपी आणि पंगत

सर्व्हर या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ 'वाढणारा'. आपल्या लग्नाकार्यातली पंगत आठवा. पानावर बसलेला मागतो आणि वाढपी वाढतो. आता मला सांगा, वाढपी हा काय माणसांचा निराळा प्रकार आहे? मुळीच नाही. ज्याने हातात भांडे घेतले तो वाढपी. पहिल्या पंगतीला वाढणारा तुमचा मामा दुसऱ्या पंगतीला स्वतः पानावर बसतो. माणूस तोच, काम बदलले.

संगणकाचेही असेच आहे. जो संगणक दुसऱ्याच्या मागणीची वाट पाहतो आणि मागणी आली की हवी ती वस्तू देतो, तो सर्व्हर. जो मागतो तो क्लायंट, म्हणजे ग्राहक. संगणकाला वाढपी बनवते ती त्यावर चालणारी एक आज्ञावली. ती सुरू केली की संगणक सर्व्हर झाला, बंद केली की तो पुन्हा साधा संगणक! थंड खोल्यांतून रांगेने मांडलेले मोठमोठे सर्व्हर तुम्ही चित्रात पाहिले असतील. ते बलवान असतात, अहोरात्र चालतात, हे खरे. पण त्यांचे काम आणि तुमच्या टेबलावरच्या संगणकाचे काम तत्त्वतः एकच.

मात्र पंगतीतला वाढपी आणि हा वाढपी यांच्यात एक फरक लक्षात ठेवा. आपला वाढपी आग्रह करकरून वाढतो. सर्व्हर मात्र मागितल्याशिवाय काहीही देत नाही, आणि जे मागितले तेवढेच देतो.

मागणे आणि देणे कोणत्या भाषेत व्हायचे, याचे नियम ठरलेले आहेत. वेबसाठी असलेल्या नियमांना 'हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल' किंवा थोडक्यात एचटीटीपी असे म्हणतात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आरंभी ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. या नियमांचे पहिले रूप इतके साधे होते, की मागणी म्हणजे केवळ एक ओळ असे: आधी 'गेट' हा शब्द, म्हणजे 'दे', आणि पुढे हव्या असलेल्या पानाचे नाव. सर्व्हर ते पान देई आणि बोलणे संपवी. आज या नियमांत पुष्कळ भर पडली आहे, पण 'गेट' हा शब्द अजून तसाच आहे. थोड्याच वेळात तो तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आहात.

पत्ता आणि खिडकी

मागणी योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी दोन गोष्टी लागतात. कोणती इमारत आणि त्या इमारतीतली कोणती खिडकी?

मोठ्या टपाल कचेरीत तिकिटांची खिडकी निराळी, मनीऑर्डरची निराळी आणि बचत खात्याची निराळी. कचेरीचा पत्ता एकच, पण चुकीच्या खिडकीवर गेलात तर काम होत नाही. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला असाच एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या आणि अजूनही सर्वत्र वापरात असलेल्या प्रकारात चार संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधली असते. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, अर्थात ४,२९,४९,६७,२९६ इतके. ही संख्या मोठी वाटली, तरी जगाला ती अपुरी पडली. म्हणून १२८ बिटांचा नवा प्रकारही आता वापरात आहे.

एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या जाळ्याशी बोलत असतात. म्हणून पत्त्यानंतर खिडकीचा क्रमांकही सांगावा लागतो. या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. तो ० ते ६५५३५ यांमधला असतो, कारण त्यासाठी १६ बिट राखून ठेवलेले आहेत आणि २ चा १६ वा घात ६५,५३६ होतो. वेबसाठी ८० क्रमांकाची खिडकी ठरलेली आहे आणि सांकेतिक रूपातल्या सुरक्षित वेबसाठी ४४३ क्रमांकाची. एरवी आपण हे क्रमांक लिहीत नाही, कारण ब्राउझर ते स्वतःच गृहीत धरतो. आपल्या प्रयोगासाठी आपण ८००० ही खिडकी घेऊ. सरावासाठी हा क्रमांक वापरण्याचा प्रघात आहे.

आता एक गंमत. ज्यांची पहिली संख्या १२७ आहे असे १,६७,७७,२१६ पत्ते एका चमत्कारिक कामासाठी राखून ठेवलेले आहेत: स्वतःशीच बोलण्यासाठी! त्यांपैकी नेहमी वापरला जाणारा पत्ता म्हणजे १२७.०.०.१. तुम्ही ज्या संगणकावर बसाल, त्या प्रत्येकाच्या दृष्टीने हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. या पत्त्यावर पाठवलेली मागणी संगणकाच्या बाहेर पडतच नाही. आतल्या आत वळून ती त्याच संगणकाकडे परत येते. म्हणून याला लूपबॅक पत्ता म्हणतात. 'लोकलहोस्ट' हे त्याचेच बोली नाव.

याचा अर्थ असा, की एकच संगणक एकाच वेळी वाढपीही होऊ शकतो आणि पानावरही बसू शकतो. तर मग प्रयोगाला लागू या.

प्रयोग

साहित्य: विंडोज किंवा लिनक्स असलेला कोणताही चालू संगणक, कोणताही ब्राउझर आणि पायथन ही संगणकभाषा. पायथन मोफत मिळते. बहुतेक लिनक्स संगणकांवर ती आधीपासूनच असते. विंडोजवर ती एकदा इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागते. हे काम शिक्षकांनी आधी करून ठेवावे.

(एक सूचना: खाली सर्व आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना मात्र इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत.)

कृती १: संगणकावर एक नवा, रिकामा फोल्डर तयार करा. त्याला 'प्रयोग' अशा अर्थाचे कोणतेही इंग्रजी नाव द्या. फोल्डर रिकामाच हवा. याचे कारण पुढे येईल.

कृती २: नोटपॅडसारख्या साध्या लेखन-साधनात पहिल्या ओळीवर हे लिहा: 'पेक्षा लहान' हे गणितातले चिन्ह, लगेच एम-ई-टी-ए, मोकळी जागा, सी-एच-ए-आर-एस-ई-टी, बरोबर चिन्ह, यू-टी-एफ, हायफन, ८, आणि शेवटी 'पेक्षा मोठा' हे चिन्ह. दुसऱ्या ओळीवर मराठीत काहीही लिहा, उदाहरणार्थ 'नमस्कार, हे माझे पान'. ही फाइल आपल्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स.एचटीएमएल' या नावाने साठवा. 'इंडेक्स'चे स्पेलिंग आय-एन-डी-ई-एक्स. नोटपॅड कधीकधी नावापुढे स्वतःच 'टीएक्सटी' हे शेपूट जोडते. ते टाळण्यासाठी साठवताना फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' असा निवडा.

पहिली ओळ कशासाठी, असे तुम्ही विचाराल. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, संख्या कळतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांत साठवले जाते. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट झाले. ही पद्धत कोणती ते ब्राउझरला सांगितले नाही, तर तो या २१ बाइटांचा भलताच अर्थ लावण्याची शक्यता असते आणि मग पानावर अगम्य चिन्हांची रांग उमटते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवत नाही. आपल्याला मात्र पहिल्याच दिवशी जाणवते.

कृती ३: विंडोजवर तो फोल्डर उघडा. वर जेथे फोल्डरचा मार्ग लिहिलेला असतो, त्या पट्टीत सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहून एंटर दाबा. एक काळी खिडकी उघडेल. (लिनक्सवर फोल्डरमध्ये उजवे बटण दाबून टर्मिनल उघडा.) त्यात पुढील आज्ञा लिहा: पी-वाय, मोकळी जागा, हायफन आणि एम, मोकळी जागा, एच-टी-टी-पी, टिंब, एस-ई-आर-व्ही-ई-आर, मोकळी जागा, ८०००. एंटर दाबा. लिनक्सवर 'पीवाय' ऐवजी 'पायथन३' असे लिहावे लागते. बाकी सर्व तसेच.

काळ्या खिडकीत इंग्रजीत एक ओळ उमटेल. तिचा मथितार्थ 'पोर्ट ८००० वर वाढायला उभा आहे' असा. झाले! तुमचा सर्व्हर सुरू झाला. विंडोजचा संरक्षक, म्हणजे फायरवॉल, बहुधा या वेळी परवानगी विचारील. तूर्त ती नाकारली तरी चालेल.

कृती ४: ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी लिहा: एचटीटीपी, अपूर्णविरामाची दोन टिंबे, दोन तिरप्या रेघा, १२७.०.०.१, पुन्हा दोन टिंबे, आणि ८०००. एंटर दाबा. तुमचा 'नमस्कार' समोर येईल.

निरीक्षणे

पण तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, "यात विशेष काय? त्या फाइलवर दोनदा टिचकी मारली असती तरी ती ब्राउझरमध्ये उघडलीच असती." शंका रास्त आहे. तसेही करून पाहा आणि पत्त्याच्या पट्टीकडे लक्ष द्या. टिचकी मारून उघडलेल्या पानाचा पत्ता 'फाइल' या शब्दाने किंवा थेट डिस्कच्या मार्गाने दिसेल. तेथे ब्राउझरने स्वतः कपाट उघडून वस्तू काढली. आपल्या प्रयोगात त्याने कपाटाला हात लावला नाही. त्याने मागितले आणि दुसऱ्याने दिले. पुरावा हवा असेल तर काळी खिडकी पाहा.

तिच्यात आता नव्या ओळी उमटल्या असतील. प्रत्येक ओळ म्हणजे एका मागणीची नोंद. आरंभी मागणाऱ्याचा पत्ता असतो, त्यात १२७.०.०.१ दिसेल. मग दिनांक व वेळ. मग मघाशी सांगितलेला 'गेट' हा शब्द. आणि शेवटी तीन आकडी संख्या. ही संख्या म्हणजे सर्व्हरचे एका शब्दातले उत्तर. २०० म्हणजे 'हे घ्या'. आता ब्राउझरमधले पान पुन्हा मागवा. या वेळी २०० च्या जागी बहुधा ३०४ दिसेल. त्याचा अर्थ, 'मघाशी दिले त्यात बदल नाही, तुझ्याजवळची प्रतच वापर'. किती व्यवहारी वाढपी आहे पाहा! पानात मीठ असताना तो पुन्हा मीठ वाढत नाही.

आता पत्त्यापुढे एक तिरपी रेघ देऊन कोणतेही भलते नाव लिहा. ब्राउझरमध्ये चूक दिसेल आणि नोंदीत ४०४ उमटेल: 'असे काही माझ्याकडे नाही'. नोंदीत आणखी एक ४०४ तुम्हाला आधीपासूनच दिसण्याचा संभव आहे, 'फॅविकॉन' नावाच्या फाइलबद्दलचा. ती तर तुम्ही मागितलीच नव्हती! मग कोणी मागितली? ब्राउझरने, तुम्हाला न विचारता. पानाच्या नावाशेजारी दाखवायचे चिमुकले चित्र तो आपणहून मागतो. आपण एक पान मागतो आणि आपला ब्राउझर आपल्या नकळत आणखी काय काय मागतो, हे सर्व्हरच्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही.

आता खरी परीक्षा. संगणकाची जाळ्याची तार काढा, वाय-फाय बंद करा. फाइलमधला एखादा शब्द बदलून ती साठवा आणि पान पुन्हा मागवा. बदललेला शब्द दिसतो! म्हणजे पान ब्राउझरच्या जुन्या साठ्यातून आले नाही, ते आत्ता, नव्याने, सर्व्हरकडूनच आले, आणि तेही इंटरनेटशिवाय. शब्द बदलल्याशिवाय हा प्रयोग अपुरा आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे येथे एक गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन २५,००० किलोमीटर होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या सर्व्हरला एक प्रश्न विचारून उत्तर मिळवायला निदान ०.१२५ सेकंद लागणारच. संगणक कितीही वेगवान घ्या, निसर्गाची ही मर्यादा ओलांडता येत नाही. तुमच्या लूपबॅक सर्व्हरला मात्र हा प्रवासच नाही. तेथे जाण्यायेण्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. वस्तू जवळ असण्याचे महत्त्व असे.

शेवटी काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबा. सर्व्हर थांबेल. आता पान पुन्हा मागवा. ब्राउझर सांगेल की जोडणी होऊ शकत नाही. मित्रांनो, हेच ते सुप्रसिद्ध 'सर्व्हर डाउन'! ते तुम्ही स्वतःच्या हाताने घडवले. ४०४ आणि हे यांतला फरक नीट पाहा. ४०४ मध्ये खिडकी उघडी असते, आतला माणूस उत्तर देतो, फक्त वस्तू नसते. 'डाउन' असताना खिडकीवर उत्तर द्यायलाच कोणी नसते.

जिनिव्हाचा तो संगणक

असा सर्व्हर पहिल्यांदा कोणी चालवला? स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ सर्न ही मूलकणांच्या संशोधनाची संस्था आहे. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येऊन काम करतात. १९८० च्या दशकात त्यांच्यापुढे एक साधीच अडचण होती. प्रत्येकाचा संगणक निराळा, प्रत्येकाची माहिती साठवण्याची रीत निराळी. एकाची टिपणे दुसऱ्याला पाहता येत नसत. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश तरुणाने मार्च १९८९ मध्ये यावर एक उपाय लेखी मांडला. त्याने पदवी घेतली होती ती भौतिकशास्त्रात, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १९९० च्या अखेरीस त्याने पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालवून दाखवला.

तो सर्व्हर म्हणजे कोणते महायंत्र होते? नाही. नेक्स्ट या कंपनीचा, टेबलावर मावणारा एक संगणक. त्यावर बर्नर्स-लीने एक कागद चिकटवला होता. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, असे त्यावर हाताने लिहिलेले होते. कारण उघड आहे. रात्री जाताना एखाद्याने सवयीने बटण बंद केले असते, तर त्या काळी सगळी वेबच बंद पडली असती! तो संगणक आणि त्यावरचा तो कागद जपून ठेवलेला आहे.

पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या आज्ञावल्या सर्वांसाठी खुल्या केल्या. कोणी वापराव्यात, कोणी सुधाराव्यात, मोबदला नाही. आज तुम्ही परवानगी न मागता, पैसे न भरता हा प्रयोग करू शकलात, त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे.

शेजारच्या संगणकावरून

आता आपले पान दुसऱ्याला दाखवू. त्यासाठी दोन्ही संगणक एकाच जाळ्यात, म्हणजे एकाच वाय-फायवर किंवा शाळेच्या एकाच तारजोडणीत हवेत. जाळे इंटरनेटला जोडलेले नसले तरी चालते. सर्व्हर असलेल्या संगणकाच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' (आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी) ही आज्ञा द्या. लिनक्सवर 'आयपी', मोकळी जागा आणि 'ए'. त्यातून त्या संगणकाचा पत्ता कळेल. तो बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होईल. हे पत्ते घरगुती व संस्थांतर्गत जाळ्यांसाठी राखलेले आहेत. ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि फायरवॉलमध्ये केवळ 'खाजगी' जाळ्यापुरती परवानगी द्या. आता शेजारच्या संगणकावर किंवा मोबाइलवर तो पत्ता, दोन टिंबे आणि ८००० असे लिहा. काही वाय-फायवर एका यंत्राला दुसरे यंत्र दिसू न देण्याची व्यवस्था असते. तसे नसेल, तर तुमचा 'नमस्कार' तेथेही उमटेल आणि नोंदीत तुमच्या मित्राच्या यंत्राचा पत्ता दिसेल.

माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मी हाच प्रयोग महाविद्यालयाच्या संगणक कक्षात दाखवत होतो. घाई होती. रिकामा फोल्डर करण्याऐवजी मी आज्ञा दिली ती माझी स्वतःची कागदपत्रे असलेल्या फोल्डरमध्येच. ज्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाचे पान नसते, तेथे हा सर्व्हर आतल्या सर्व फाइलींची यादीच पुढे ठेवतो. मी फळ्यावर पोर्टची आकृती काढत होतो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तुमची गुणांची यादी आम्हाला दिसतेय."

मी धावत जाऊन सर्व्हर बंद केला. अंतर्गत परीक्षेचे गुण अजून जाहीर व्हायचे होते. काळ्या खिडकीतल्या नोंदी पाहिल्या. ती यादी चार संगणकांवरून उघडली गेली होती. चारही ओळींच्या शेवटी २०० असे स्वच्छ लिहिलेले होते. सर्व्हरचे काहीच चुकले नव्हते. त्याला मागितले, त्याने दिले. चूक वाढपी उभा करणाऱ्याची होती. त्या यादीत एक विद्यार्थी नापास होता. त्याचे गुण त्याला कळण्याआधी त्याच्या मित्रांना कळले. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. तो "असू द्या सर" म्हणाला, पण त्याची मान खाली होती. तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

म्हणून तीन नियम सांगतो. पहिला, सर्व्हर नेहमी वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्येच सुरू करावा. दुसरा, केवळ स्वतःपुरता प्रयोग असेल तर आज्ञेच्या शेवटी मोकळी जागा, दोन हायफन, बी-आय-एन-डी, मोकळी जागा आणि १२७.०.०.१ असे जोडावे. मग खिडकी फक्त आतल्या बाजूला उघडते आणि बाहेरच्याला ती दिसतही नाही. तिसरा, काम झाले की सर्व्हर बंद करावा. हा छोटा सर्व्हर शिकण्यासाठी आहे, त्याच्यापाशी पहारेकरी नाही. जगासमोर उभे करायला अपाचे किंवा एनजिनएक्स यांसारखे कसलेले सर्व्हर वापरतात, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली.

मग सर्व्हर 'डाउन' का होतो?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, तुमच्या संगणकाला एक निकाल शोधून द्यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला २० निकाल. वर्गाला दाखवायला हे भरपूर झाले. पण दहावीला बसलेले सुमारे १५ लाख विद्यार्थी एकाच क्षणी निकाल मागू लागले तर? १५,००,००० भागिले २०, म्हणजे ७५,००० सेकंद, अर्थात २० तास ५० मिनिटे! शेवटच्याला दुसऱ्या दिवशी निकाल मिळेल. शिवाय उशीर होतो आहे असे पाहून प्रत्येक जण पान पुन्हा पुन्हा मागवतो आणि रांग आणखी वाढते. पंगतीत हजार पाने आणि वाढपी एक, अशी ही गत. उपाय तोच, जो आपल्या घरच्या कार्यात करतात: वाढपी वाढवा, भांडी जवळ ठेवा, आणि सगळ्यांना एकाच पंगतीला बसवू नका. मोठ्या संस्था अनेक सर्व्हर एकत्र लावून मागण्या त्यांच्यात वाटून देतात, ते यासाठीच.

घरी आणि वर्गात करून पाहा

१. १२७.०.०.१ ऐवजी १२७.०.०.५ लिहून पाहा. विंडोज व लिनक्सवर काय होते? का?

२. पोर्ट ८००० वर सर्व्हर चालू असतानाच दुसऱ्या फोल्डरमधून पोर्ट ८००१ वर दुसरा सर्व्हर सुरू करा. एका इमारतीत दोन खिडक्या चालतात का?

३. तुमच्या पानात स्वतः काढलेले एक छायाचित्र घालायला शिका. मग एका पानासाठी नोंदीत 'गेट' किती वेळा येते, ते मोजा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ज्या शाळेत संगणक आहेत पण इंटरनेट नाही किंवा वरचेवर जाते, तेथे एका संगणकावर धड्यांच्या टिपणांचा, आकृत्यांचा आणि मुलांनी लिहिलेल्या पानांचा सर्व्हर लावता येईल. बाकीचे संगणक त्यावरून वाचतील. बाहेरची तार तुटली तरी वर्ग चालू राहील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यापुढे एखाद्या खिडकीवर "सर्व्हर डाउन आहे" असे ऐकू आले, तर नुसते परत फिरू नका. तार तुटली असेल, वाढपी थकला असेल, की कोणी सवयीने बटण बंद केले असेल, याचा रांगेत उभ्या उभ्या विचार करा.